मोज्यांच्या तळ्याचा नकाशा

मित्रांनो, मी एक नकाशा आहे. जुना आहे हे वेगळे सांगायला नको. माझ्या घड्या आठ ठिकाणी फाटल्या आहेत, आणि एका लांबट तळ्यावर पन्नास वर्षांपूर्वी चिरडलेला डास अजून चिकटून आहे. छापखान्यातले मला फारसे आठवत नाही. मी स्वतःला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाचा मानतो. तिथे जमीन पाण्याला विचारून पसरलेली आहे. माझ्या अंगावरही हिरव्यापेक्षा निळेच जास्त.

माशांचे आमिष विकणाऱ्या एका दुकानात मी टांगलेला होतो. तिथून मला हेल्मीने घेतले. ती शाळेत शिकवायची. तिचा नवरा आर्वो लोखंडाच्या खाणीत ट्रक चालवायचा. दोघांचे आजी-आजोबा फिनलंडहून आलेले, त्यामुळे शनिवारी सौनाच्या गरम वाफेच्या खोलीत अंग शेकायचे आणि मग वेलदोडा घातलेल्या पुल्ला पावाबरोबर कॉफी प्यायची, ही त्या घराची रीत होती. त्या कॉफीच्या वेळी मला टेबलावर पसरत. बाहेर खिडकीच्या कडेपर्यंत बर्फ, आणि आत दोघे माझ्या अंगावरून ऑगस्टमध्ये फिरत असत.

हेल्मीकडे दोन पेन्सिली होत्या. जिथे जायचे मनात आहे तिथे लाल खूण, जिथे जाऊन आले तिथे काळी. खरे सांगतो, लाल खुणा नेहमीच जास्त होत्या. "इथून होडी घालू," ती म्हणायची. "इथे दुपार होईल." आर्वो डोळे मिटून म्हणायचा, "वारा समोरून आहे. जरा काठाने घे." आणि मला खरोखर ओल्या देवदारांचा वास यायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात ती दोघे एका छोट्या तळ्यावर पोचली. माझ्यावर त्या तळ्याला नाव नव्हते. आर्वोने ओले मोजे शेकोटीवर वाळत घातले आणि ते जळून गेले. हेल्मीने तिथेच बसून त्या निळ्या ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात लिहिले, 'मोज्यांचे तळे'. छापलेल्या शेकडो नावांपेक्षा मला ते एक नाव जास्त आवडते.

पुढे तीस-पस्तीस वर्षे मी भिजलो, चुलीवर वाळलो, मेणकागदात गुंडाळला गेलो. चुकलेल्या अनोळखी माणसांनी माझ्यावर वाकून वाट विचारली. मग आर्वोची पाठ धरली. मुलीने, माइलाने, रस्ता बोलून दाखवणारे एक यंत्र आणून दिले. मी खणात गेलो. मेणबत्त्या आणि सुतळीचे गुंडे यांच्याखाली मी आठ वर्षे काढली. वरच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की मला वाटायचे, आता खण उघडेल. उघडायचा, पण मेणबत्तीसाठी.

मग आर्वोची नजर जायला लागली. ज्याच्याकडे तो बघेल त्याच्या मधोमध काळोख, फक्त कडा दिसायच्या. डॉक्टरांनी सांगितले, गेलेले परत येणार नाही, आणि उरलेलेही किती टिकेल सांगता येत नाही. घरी आल्यावर त्याने चाचपडत कोट खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "हेल्मी, कडा आहेत तोवर एकदा मोज्यांच्या तळ्यावर जाऊ."

हेल्मीने खण उघडला.

मार्चमधल्या एका शनिवारी माइला चार तास गाडी चालवून आली. ती हाडांच्या दवाखान्यात काम करते, पडून खुबा मोडलेली म्हातारी माणसे रोज बघते. टेबलावर मला पाहून ती दारातच थांबली.

"हे काय चाललंय?"

"ऑगस्टचं ठरवतोय," हेल्मी म्हणाली. "मोज्यांचं तळं."

"आई, बाबांना समोरचा कप दिसत नाही. परवा साखर टेबलावर ओतली त्यांनी. आणि तू त्यांना ओल्या खडकांवरून नेणार?"

"साखर मुंग्यांसाठी होती," आर्वो म्हणाला.

"बर्फात मुंग्या नसतात, बाबा." तिने कोट काढला. "जायचंच असेल तर गाडी थेट जाते अशा तळ्यावर जाऊ. बाक असतात तिथे."

"त्यापेक्षा अंगणात टब भरून दे. पाय सोडून बसतो. एखादं बदक सोड त्यात."

माइला हसली नाही. आर्वोही गंभीर झाला. "तुला वाटतं मला वाट आठवत नाही. बघ." त्याने माझ्यावर बोट टेकवले. "इथे होडी पाण्यात. उजवीकडे दोन बेटं. मग अरुंद पाणी, तिथे कमळं. मग होडी खांद्यावर घेऊन चालायची वाट, चारशे पावलं..."

प्रत्येक शब्द बरोबर होता. पण बोट चुकले होते. ते भलत्याच तळ्यावरून सरकत होते. त्याला ते दिसत नव्हते. हेल्मीने दोन बोटांनी माझी कड धरली आणि मला हळूच, आवाज न करता, त्याच्या बोटाखाली सरकवले. तो पुढे गेला की ती मला आणखी सरकवायची. मोज्यांच्या तळ्याचे नाव त्याच्या तोंडी आले तेव्हा त्याचे बोट बरोबर त्या ठिपक्यावर होते.

माइलाने ते सगळे पाहिले. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली.

"चारशे पावलं एका दमात नकोत," ती म्हणाली. "अलीकडच्या तळ्यावर पहिला मुक्काम करू. होडी मी उचलेन. बाबा माझ्या पिशवीचा पट्टा धरून चालतील. पेन्सिल दे."

एका दिवसाची वाट त्यांनी तीन दिवसांत वाटून घेतली. मे उजाडेपर्यंत माझ्या अंगावर बारीक नव्या खुणा झाल्या: इथे बसायचे, इथे खडक निसरडा, इथे आईच्या गुडघ्यासाठी थांबायचे.

ऑगस्टमध्ये आम्ही गेलो. चारशे पावलांना अडीच तास लागले. आर्वो एकदा घसरला, पण पट्टा सुटला नाही. दुपार कलताना पाणी दिसले. काठच्या खडकावर दोघे बसली, मी हेल्मीच्या मांडीवर. दूर एक लून पक्षी लांबवर सूर धरून ओरडला.

"काय दिसतंय तुला?" हेल्मीने विचारले.

"भोवतीची झाडं. दगड. या बाजूने थोडं आभाळ." तो थोडा थांबला. "मधलं दिसत नाही. मधे काय आहे?"

हेल्मीने नीट पाहिले. "मधे काही नाही. नुसतं पाणी आहे."

"मग माझं बघायचं काही राहिलं नाही," आर्वो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा असेल. त्याला दमट जागी ठेवू नका, उलट्या घडीने मोडू नका. आणि घरातले कुणी कुठे जायचे म्हणत असेल, तर 'बघू पुढे' म्हणण्याआधी तो नकाशा एकदा उघडून टेबलावर पसरा.