तीन पंख्यांचा देखणा

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. संगणकाच्या डब्यात आडवा बसून पडद्यावर जे जे हलतं-डुलतं ते रंगवून देतो. स्वभावाने पक्का जळकुकडा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यातून निघालो, दुकानाच्या फळीवर धूळ खाल्ली आणि एकदाचा वहिनींच्या घरी आलो. अजून न बांधलेली घरं पडद्यावर उभी करायची, हा त्यांचा व्यवसाय. जिना, खिडकी, खिडकीतून फरशीवर येणारं ऊन. ते ऊन मी पाडतो. काम अडलं की वहिनी डब्यावर हात ठेवून म्हणायच्या, "चल रे राजा, एवढं आटप." मी विरघळून जायचो.

मग त्यांच्या दिराने तो आणला, माझा नवा जातभाई. चिप तीच, मेमरी तेवढीच, कंपनी मात्र वेगळी. पण मला पंखे दोन, त्याला तीन! वर अंगभर रंगीत दिवे.

"काय देखणा आहे हो भावजी!" वहिनी म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला काय, गेमच खेळायचे आहेत," दीर म्हणाला. "दोन्ही तपासू. जास्त पळेल तो तुम्ही ठेवा, दुसरा मी नेतो."

म्हणजे माझं घरच पणाला लागलं की! आधी माझी पाळी. वहिनींनी केलेलं एक घर सगळ्या खोल्यांतून फिरवून दाखवायचं होतं. जीव तोडून पळालो. सेकंदाला अठ्ठावन्न चित्रं. मग मला काढून त्याला बसवलं. बासष्ट!

"नवं ते नवंच," म्हणत दीर मला खोक्यात कोंबायला लागला. तेही त्या देखण्याचंच खोकं. त्यापेक्षा भंगारात गेलेलं परवडलं असतं.

"थांबा भावजी. याच्या वेळी डब्याचं झाकण लावलेलं होतं. आता उघडं आहे, आणि वर टेबलफॅनचा वारा!"

"अहो, मला उकडत होतं."

"मग यालाही उकडलंच असेल की."

झाकण लावलं, फॅन बंद केला, त्याला पुन्हा पळवलं. अठ्ठावन्न. अगदी माझ्याइतकीच.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला बरोबरी नको होती, त्याची फजिती हवी होती.

"आता कसं ठरवायचं?" दिराने विचारलं.

"त्यात काय ठरवायचं? सारखेच आहेत तर असलेला राहू दे."

असलेला! लाडका नाही, गुणी नाही. नुसता असलेला.

आजही मी इथेच आहे. पंखे थोडे कुरकुरतात, पण काम चोख. दिराचा फोन आला की वहिनी आधी त्या देखण्याचीच विचारपूस करतात, हसून हसून. मी इकडे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात ऊन पाडत बसलेला असतो.

वहिनी, मला ठेवून घेतलंत, उपकार झाले. आता एवढंच करा. त्याची चौकशी करायची असेल तेव्हा आधी मला बंद करत जा.