चिठ्ठीखालची खाच

मी मापाची पट्टी बोलतेय. लाकडी, एका शिंपीणबाईच्या दुकानातली. बोलायला हवं होतं तेव्हा मला कोर्टाच्या कपाटात कोंबलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

बाईच्या नवऱ्याने मला सुताराकडून करून घेतलं. तो गेल्यावर दुकान तिने एकटीने चालवलं. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणतात. मला हातात घेतलं की आधी फडक्याने पुसायचं, ही तिची सवय. कुणाच्या पांढऱ्या कापडाला डाग नको.

तिच्या दिराचा दुकानावर डोळा होता. एका दुपारी कागद घेऊनच आला. "वहिनी, सही करा आणि दुकान मोकळं करा." ती नाही म्हणाली. त्याने टेबलावरची कात्री उगारली. तिने मला आडवं धरलं, घाव माझ्यावर बसला. कात्री पुन्हा वर गेली तेव्हा तिने मला त्याच्या कपाळावर हाणलं, एकदाच. रक्त आलं. कात्री टाकून तो पळाला.

आणि मावशीने काय केलं? सवयीने मला पुसलं.

दीर थेट पोलिसांकडे गेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. संध्याकाळी हवालदार आला.

"रक्त पुसलंत? म्हणजे पुरावाच नष्ट केलात."

"अहो, कापडाला डाग लागला असता."

तो हसला. ते हसू मी विसरणार नाही. मग त्याने माझ्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवली, नेमकी कात्रीच्या खाचेवर. एवढी लांबलचक मी, पण त्याला तीच जागा सापडली. कागदावर लिहिलं, हत्यार. जन्मभर बाह्या आणि कंबरा मोजल्या, आणि मी हत्यार!

पुढचं मला नंतर कळलं, कारण मावशी काम करताना स्वतःशीच बोलते. वकीलबाईंनी तिला सरळ सांगितलं, "गुन्हा कबूल केलात तर कदाचित दंडावर भागेल, पण दोषी हा शिक्का कायमचा. लढायचं तर जीव वाचवायला मारलं हे दाखवावं लागेल. तुमच्या बाजूने साक्षीदार कोणी नाही."

"मारलं हे मी नाकारत नाही," मावशी म्हणाली. "पण हल्ला केला म्हणून सही करणार नाही."

"पट्टी पुसताना काही लक्षात आलं होतं?"

"फडकं अडकलं होतं," मावशी म्हणाली. " पट्टी आधी गुळगुळीत होती."

कोर्टात वकीलबाईंनी माझ्यावरची चिठ्ठी सोलून काढायला लावली. खाली खाच होती, आणि खाचेत फडक्याचा निळा धागा. म्हणजे खाच चिठ्ठीच्या आधीची, मला पुसण्याच्याही आधीची. दुकानातल्या त्या कात्रीचं पातं तिथे चपखल बसलं. न्यायाधीशांनी दिराकडे नुसतं पाहिलं. त्याला पाणी प्यावंसं वाटलं.

मावशी निर्दोष सुटली. त्यासाठी दोन वर्षं गेली, निम्मी गिऱ्हाइकं गेली. हवालदाराला कोणी काही विचारलं नाही.

मी दुकानात परतले. मावशीने सवयीने फडकं उचललं आणि तिचा हात मधेच थांबला. तिने फडकं खाली ठेवलं. तेव्हापासून ती मला न पुसताच माप घेते.

स्वतःच्या दुकानात स्वतःची पट्टी पुसायला ती घाबरते. ह्याची भरपाई कुठल्या कोर्टात मागायची?

मावशी, पूस गं मला. तू काहीच लपवलं नव्हतंस.