पक्क्या शाईची तक्रार

मी शाईची बाटली. सध्या रागात आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय झाकण लावून घेणार नाही.

जाड काच, चौकोनी बूड आणि पोटात काळसर निळी पक्की शाई. कागदावर उतरताना ती फिकी दिसते, पण दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि मग पाण्याला दाद देत नाही. म्हणून तर विवाह नोंदणीच्या कार्यालयात माझी नेमणूक झाली. तिथल्या कारकूनबाईंनी मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. बाई अंगाने किरकोळ, पण हात जड. अक्षर असं ठसठशीत, की आपली नोंद वाचताना नवी जोडपी उगाच ताठ उभी राहायची. माझी शाई आत सुकली की निब तुंबते, म्हणून बाई दर शनिवारी पेन कोमट पाण्याने धुवायच्या. बोटांना डाग पडायचे. त्याच बोटांनी डबा उघडून जेवायला बसायच्या. मला तो माझा मान वाटायचा.

मग नवे साहेब आले. तपासणीच्या दिवशी घाईघाईने फाइल ओढताना त्यांचं कोपर मला लागलं. मी आडवी झाले आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडाचं व्हायचं ते झालं. माझं झाकण उघडं होतं हे खरं, बाई तेव्हा पेन भरत होत्या. पण कोपर कुणाचं होतं? ते कुणीच विचारलं नाही. साहेबांनी चारचौघांत बाईंनाच सुनावलं आणि माझी रवानगी कपाटात, मोडक्या पंचिंग मशीनच्या मागे झाली.

आठवड्याभरात कार्ट्रिजचे डबे आले. शाई भरलेल्या बोटभर नळ्या, पेनात खोचल्या की काम झालं. त्यांच्याशी माझं वैर नाही, खरंच नाही. ज्याला फिरतीवर लिहायचंय त्याने खिशात बाटली घेऊन का हिंडावं? पक्क्या शाईची कार्ट्रिजंही मिळतात. पण साहेबांनी निवडली ती शाळकरी मुलांची, कारण रंग छान दिसतो! डब्यावर ठळक छापलं होतं, कपड्यावरचा डाग पाण्याने निघतो. बाईंनी तो डबा त्यांच्यासमोर धरला.

"साहेब, ही शाई धुतली की जाते. रजिस्टरला चालायची नाही."

"बाई, आपण काय रजिस्टर धुवायला टाकणार आहोत?"

सगळे हसले. बाई जागेवर जाऊन बसल्या.

अकरा महिन्यांनी, सलग दोन सुट्ट्यांत, रेकॉर्डच्या खोलीतला नळ फुटला. माझ्या शाईतली जुनी रजिस्टरं भिजून फुगली, पण अक्षर जागचं हललं नाही. नव्या रजिस्टरात मात्र पानं निळीशार आणि नावं गायब. साहेबांनी त्यावर 'नष्ट' असा शेरा मारला आणि ताकीद दिली ती बाईंना. हलकी शाई वापरून निष्काळजीपणा केला म्हणे. बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि 'मिळालं' अशी सही केली. कपाटाच्या फटीतून मी ते पाहिलं. माझी शाई तेव्हा उकळली कशी नाही, कोण जाणे.

पंधरा दिवसांनी एक गरोदर तरुणी आली. लग्न आठ महिन्यांपूर्वीचं. नवरा कामावर अपघातात गेला होता. दीर म्हणत होता, लग्न झालंच नाही. त्याने घराला कुलूप घातलं होतं आणि लग्नाचा दाखला आतच राहिला होता. साहेब म्हणाले, नोंद नाही तर नवा दाखला नाही.

ती जिन्यापर्यंत गेली. बाईंनी हाक मारून तिला परत बोलावलं, वाळलेलं रजिस्टर घेऊन खिडकीशी गेल्या आणि तिरप्या उन्हात पान डोळ्यांसमोर जवळजवळ आडवं धरलं. रंग गेला होता, पण जड हाताने निब दाबलेली ती रेघ कागदात रुतलेली होती.

"तुम्ही काही सांगू नका," बाई म्हणाल्या. "मी वाचते. चुकले तर थांबवा."

एकेक अक्षर चाचपडत त्यांनी तारीख वाचली, तिचं नाव वाचलं. नवऱ्याचं नाव आलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला.

"ताई, थांबू नका," ती म्हणाली.

मग बाईंनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. दोन साक्षीदारांसमोर माझ्या शाईने नोंद पुन्हा लिहिली गेली. साहेबांनी मान वर न करता सही केली. दाखला घेऊन ती गेली, आणि दिराला कुलूप काढावं लागलं.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. चाळीस दुपारी त्यांनी खिडकीशी बसून तीनशेच्या वर नोंदी अशाच वाचून पुन्हा लिहून काढल्या. डोळे चुरचुरायचे, पाणी यायचं. आणि साहेबांनी वरच्या कचेरीला काय कळवलं? 'कार्यालयाच्या तत्परतेमुळे नोंदी वाचल्या.' बाईंचं नाव त्यात कुठेच नाही. त्यांचं नाव आहे ते फक्त ताकिदीत, आणि ती अजून त्यांच्या फाइलीत आहे.

आता माझ्या तळाशी थोडीशी शाई उरली आहे. कडेला गाळ धरलाय. रिकामी झाले की मला खुशाल टाकून द्या. तुम्ही बाटली घ्या नाहीतर कार्ट्रिज, पण काय लिहायचंय आणि ते किती टिकायला हवं, हे लिहिणाऱ्याला आधी विचारा. साहेबांनाही एक निरोप आहे. ताकीद मागे घेतल्याची ओळ लिहायला जेवढी शाई लागते, तेवढी माझ्यात अजून आहे. झाकण मात्र, साहेब, तुम्हालाच उघडावं लागेल.