जावयाच्या सायकलची कुरकुर

जयवंतचे कान फिटरचे होते. पिरंगुटच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मशीनच्या घरघरीत उभं राहून त्याला एक खोड लागली होती. कुठलंही चालतं यंत्र शेजारून गेलं, की त्याचं काय दुखतंय ते तो आधी ऐकायचा. बायको अनसूया म्हणायची, "माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण मिक्सरचं बेअरिंग गेलेलं बरं कळतं तुम्हाला."

म्हणून पौडच्या पुढे, त्या रविवारी सकाळी, निरंजन तिसऱ्यांदा म्हणाला, "बाबा, थांबूया का जरा? चेन आवाज करतेय," तेव्हा जयवंतने ब्रेक दाबला खरा, पण त्याच्या मनात काहीतरी खटकलं. चेन आवाज करत नव्हती. चांगली तेल प्यायलेली, नवी चेन होती.

निरंजन त्याचा जावई. मूळचा नाशिकचा, नोकरी हिंजवडीत, राहायला महाळुंग्याला. स्नेहलशी लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा शांत, अदबशीर. इतका अदबशीर, की घरी आला तरी सोफ्याच्या कडेवर बसायचा. दोघांत बोलायला विषय नव्हता. मग मागच्या वर्षी जयवंत निवृत्त झाला आणि त्याने पातळ टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल घेतली. आयुष्यभर तो भूगावहून कामाला सायकलवरच गेला होता, पण ती काळी, जड, मागे डब्याचं कॅरिअर असलेली. ही नवी एका हातानं उचलता यायची. जावयाकडे तसलीच सायकल आहे हे कळलं आणि रविवारची सकाळ दोघांची ठरली.

फेब्रुवारीत जयवंतच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. सहा महिने सायकल भिंतीला टेकून होती. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली, पण मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ बांधायला लावलं. आकडा एकशे तीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. घड्याळ स्नेहलने आणून दिलं. जयवंत ते निमूटपणे बांधायचा आणि त्यावर रेनकोटची बाही ओढून घ्यायचा.

आता सप्टेंबर सरत आला होता. हवेचा काही भरवसा नव्हता. भूगावातून निघाले तेव्हा चक्क ऊन होतं. पिरंगुटच्या घाटात भुरभुर लागली, म्हणून रेनकोट चढवले. उतार संपेस्तोवर पाऊस गेला आणि रेनकोटच्या आत घामाची आंघोळ झाली. पौडला रेनकोट काढून घडी करून मागे बांधले, तर दहाव्या मिनिटाला पुन्हा थेंब, पुन्हा रेनकोट. जयवंत हसून म्हणाला, "राहू दे आता अंगावरच. आपण घातला की पाऊस जातो, काढला की येतो." निरंजनही हसला. तोवर सगळं ठीक होतं.

निरंजन खाली बसून चेनकडे बघत होता. उगाच पेडल उलटं फिरवत होता. जयवंत हँडलवर हात टेकून श्वास सावरत उभा होता. चढ नुकताच संपला होता. आणि त्याच क्षणी त्याला उमगलं. पहिल्यांदा थांबले ते पिरंगुटच्या घाटात, चढ निम्मा झाल्यावर. दुसऱ्यांदा पौडच्या अलीकडच्या चढावर. आणि आता इथं. प्रत्येक वेळी त्याला दम लागला होता, आणि प्रत्येक वेळी जावयाची चेन कुरकुरली होती.

"बघू," तो म्हणाला. सायकलची सीट धरून त्याने मागचं चाक उचललं आणि पेडल फिरवलं. चाक सुळकन फिरलं. दोघंही ऐकत राहिले. शेजारच्या खाचरात बेडूक ओरडत होते, बाकी आवाज नव्हता.

"कुठंय आवाज?"

"मघाशी येत होता, बाबा."

"स्नेहलनं सांगितलंय?"

निरंजन उठून उभा राहिला. हात पुसत राहिला.

"एकतीस वर्षं मशीन सांभाळल्या मी," जयवंत म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण जड झाला होता. "मला चेन शिकवता? म्हातारं पोर सांभाळायला आलात होय तुम्ही माझ्याबरोबर?"

"तसं नाही हो, बाबा—"

पण बाबा सायकलवर बसून निघालेही होते.

माले गावाच्या पुढे रस्ता धरणाच्या पाण्याला लागून जातो. उजव्या हाताला पाणी, पलीकडे डोंगर, आणि समोरून येणारा वारा. एरवी इथं निरंजन पुढे व्हायचा आणि जयवंत त्याच्या मागच्या चाकाशी वीतभर अंतर ठेवून यायचा. पुढच्यानं वारा अंगावर घ्यायचा, मागच्यानं आडोशाला राहायचं. आज जयवंत एकटाच वाऱ्याला भिडला. पहिली पाच मिनिटं रागानं पाय चालले. मग वारा असा काही रेटायला लागला, की सपाट रस्ताही चढ वाटावा. पाण्यावरून पावसाची एक सर चालत येताना दिसत होती. आधी पलीकडचा डोंगर पुसला गेला, मग पाणी, मग रस्त्याकडेचे तेरड्याचे ताटवे, आणि मग ती सर त्याच्या तोंडावर आदळली.

त्याने बाही मागे सारून पाहिलं. एकशे अठ्ठावीस. वेग कमी केला. एकशे चोवीस. छातीत काही दुखत नव्हतं. पण दुखत नाही ना, हे तपासत राहण्यातच सगळं लक्ष जात होतं. फेब्रुवारीपासून हे असंच होतं, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. अनसूयालाही नाही.

एका मोठ्या वळणानंतर एसटीचा थांबा होता. तिथं पत्र्याखाली तो थांबला. आता जावई येईल, आपण काही बोलायचं नाही, निघायचं, असं त्यानं ठरवलं. सर ओसरली. एक टेम्पो गेला, दोन गाड्या गेल्या. निरंजन आला नाही. माघारी गेला असेल का? जयवंतला वाटलं, गेला तर बरंच. मग पुढच्याच मिनिटाला वाटलं, तो जाणारा नाही. न सांगता तर नाहीच.

त्याने सायकल वळवली. वारा पाठीवर आला तशी ती न सांगता पळायला लागली.

वळणाच्या पलीकडे निरंजन रस्त्याच्या कडेला बसला होता. सायकल शेजारी आडवी. उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलवटलेली, गुडघ्याजवळ पँट फाटलेली. एक ठेंगणी म्हातारी डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून त्याच्यासमोर उभी होती आणि त्याला मनसोक्त रागावत होती.

"काय झालं?" जयवंत सायकल टाकूनच धावला.

"घसरलो. तुम्हाला गाठायला म्हणून जोरात..." निरंजन म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "डोकं नाही आपटलं. हात हलतोय."

जयवंतने त्याची बोटं एकेक वाकवून पाहिली, कोपर दुमडून पाहिलं, खांद्यावर दाब दिला. कारखान्यात लोकांना लागलेलं त्याने पुष्कळ पाहिलं होतं. मोडलं नव्हतं. पण पोराचा चेहरा पांढराफटक होता.

"लई शेवाळ हाय त्या वळनाला," म्हातारी म्हणाली. "परवाच एक मोटारसायकलवाला हितंच आडवा झाला. तुमचा कोन ह्यो?"

"जावई हाय माझा."

"जावई? आन् असा रस्त्यात पाडून ठिवून फुडं जाता व्हय तुमी? चला, घरी आना त्येला. गारठलाय."

त्या म्हातारीचं, साळूबाईचं, घर रस्त्यापासून दहा पावलांवर होतं. पडवीत चूल धुमसत होती. तिनं गरम पाणी दिलं, हळद दिली, आणि जयवंतच्या सायकलच्या पिशवीतल्या पट्टीकडे बघून "ह्ये एवढंसं काय करनार" म्हणत जुन्या धुतलेल्या लुगड्याचा एक पट्टा फाडून दिला. मग बिनदुधाचा, भरपूर साखरेचा चहा उकळत ठेवून ती गोठ्याकडे गेली.

जयवंतने जखम धुतली. निरंजनने ओठ आवळले.

"बाबा," थोड्या वेळानं तो म्हणाला, "स्नेहल म्हणाली होती, त्यांना सरळ सांग, दम लागला की थांबूया म्हणून. चेनची शक्कल माझीच."

"का पण?"

"सरळ सांगायला भीती वाटली. वाटलं, तुम्हाला राग येईल आणि पुढच्या रविवारपासून तुम्ही म्हणाल, मी एकटा जातो." तो लुगड्याच्या पट्टीकडे बघत होता. "आठवडाभर माझ्याकडे कुणी ना कुणी काहीतरी मागत असतं. ही एकच सकाळ अशी असते, की कुणी काही विचारत नाही. तुम्ही तर दहा-दहा किलोमीटर एक शब्द बोलत नाही. मला ते आवडतं."

जयवंत पट्टी गुंडाळत राहिला. आपण बोलत नाही ते विषय सुचत नाही म्हणून, हे सांगावं की नाही, त्याला कळेना. शेवटी तो दुसरंच बोलला.

"मलाही भीती वाटते."

निरंजनने मान वर केली.

"चढ लागला, की मी छातीकडे कान लावून बसतो. मशीनचा आवाज मला कळतो. कुठला नट ढिला आहे ते लांबून सांगीन. पण इथला नाही कळत." त्याने छातीवर बोट ठेवलं. "दम लागला तर तो चढाचा की दुसऱ्या कशाचा, ते ओळखता येत नाही. आणि तुम्ही चेनकडे बघायला थांबलात ना, तेव्हा खरं तर बरं वाटायचं. म्हणून जास्त राग आला."

चुलीवर चहा उतू जायला आला. निरंजनने डाव्या हातानं पातेलं उतरवलं. मग दोघं चहा प्यायले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, आणि पन्हळीतून पाणी मात्र अजून पडत होतं.

सायकलचं जयवंतने बघितलं. हँडल तिरकं झालं होतं. पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून त्याने ते सरळ केलं. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागच्या गिअरचा हात मात्र आत वाकला होता. तो त्याने बेताबेतानं, कान देत, बाहेर ओढला.

"सगळ्यात हलका गिअर टाकायचा नाही. टाकलात तर हा चाकात जाईल आणि सगळंच तुटेल. बाकीचे चालतील."

"म्हणजे चढावर माझी वाट लागणार."

"लागू दे. मग उतरायचं आणि चालायचं."

पुढे ताम्हिणी घाटापर्यंत जायचं ठरलं होतं, तो विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. साळूबाईला निरंजनने वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "पुन्यांदा आलासा तर असंच या. पडायची काय गरज न्हाई."

परतीला वारा पाठीशी होता. माल्यापर्यंत पाय हलवावे न हलवावे अशी सायकल चालली. धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं, रस्त्यावरून वाफा निघत होत्या. जयवंत पुढे होता. निरंजनला दुखरा हात सांभाळत चालवायचं होतं म्हणून खड्डा आला की जयवंत हातानं खूण करायचा, आणि ओलं वळण आलं की "सावकाश" एवढंच म्हणायचा.

माल्याच्या पुढच्या चढावर जयवंतचा श्वास वाढला. बाही वर करून त्याने घड्याळ पाहिलं आणि न वळताच म्हणाला, "थांबू. मला दम लागलाय."

दोघं एका आंब्याखाली थांबले. पाणी प्यायले. कुणीच कशाकडे बघायचं नाटक केलं नाही. पाचेक मिनिटांनी जयवंत "चला" म्हणाला.

पौडला नाश्त्याला थांबले तेव्हा स्नेहलचा फोन आला. निरंजनने तो स्पीकरवर टाकला.

"कुठे आहात? सगळं ठीक ना? बाबांची पल्स?"

"बाबा एकदम ठीक आहेत," निरंजन म्हणाला. "मी पडलोय."

पलीकडे स्नेहलचा आवाज चढला, "काय? तू? कुठे लागलं? आणि बाबा काय करत होते?"

जयवंतने मिसळीचा चमचा खाली ठेवला. "बाबा रुसून पुढे गेले होते," तो म्हणाला. "चूक माझी आहे. घरी आल्यावर ओरड. आणि हे बघ, तुझ्या नवऱ्याला माझ्यामागे राखण लावायची असेल तर लाव, पण मला सांगून लाव. मी नाही म्हणणार नाही."

"खरंच नाही म्हणणार?"

"आता नाही."

स्नेहलने आणखी दहा प्रश्न विचारले. धनुर्वाताचं इंजेक्शन, एक्स-रे, गाडी पाठवू का. गाडीला दोघंही एकदमच नको म्हणाले.

पिरंगुट सोडून घाटाचा चढ सुरू झाला, आणि पुन्हा आभाळ भरून आलं. निरंजन अवजड गिअरवर उभा राहून पेडल मारत होता, सायकल डावी-उजवी डोलत होती. निम्म्यात त्याचा दम संपला. तो उतरला. जयवंतच्याही घड्याळात आकडा वर चढला होता, तोही उतरला. दोघं सायकली हातात धरून कडेकडेनं चालू लागले. शेजारून गाड्यांची रांग भूगावच्या दिशेनं सरकत होती. एका गाडीतल्या लहान मुलीनं काच खाली करून त्यांच्याकडे बघितलं आणि हात हलवला. जयवंतने हात हलवला.

पाऊस आला. चांगला टपोरा. रेनकोट मागे घडी करून बांधलेले होते.

"काढूया का?" निरंजनने विचारलं.

"कशाला? घर आलंच." जयवंत दोन पावलं चालला. मग म्हणाला, "तुमच्या नाशिकला असाच पडतो का हो पाऊस?"

दोन वर्षांत सासऱ्यांनी त्याला नाशिकबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"नाही, बाबा. आमच्याकडे एवढा नाही. पण त्र्यंबकच्या बाजूला गेलात तर..." तो सांगायला लागला. जयवंत ऐकत चालला. घाटमाथा यायला अजून वेळ होता.