गेल्या वर्षीचे तास

"मग गेल्या वर्षीचे तास गेले कुठं?" दत्तानं पुन्हा विचारलं.

विभावरीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. "काम्मरच्या बाईंना मीही तेच विचारलं. म्हणाल्या, ते त्या वर्षाचे होते. यंदाचे यंदाच हवेत."

"आल्झो, म्हणजे असं कसं?"

काम्मर म्हणजे जर्मनीतलं वकिलांचं मंडळ. विभावरीच्या पाटीवर 'कामगार कायद्याच्या विशेषज्ञ' हे शब्द राहायचे, तर दरवर्षी पंधरा तास शिकून दाखवायचं. नाहीतर पाटी उतरवायची.

येना शहरात भिंगं घासून निवृत्त झालेल्या तिच्या नवऱ्याचा, दत्ताचा मात्र साठवणीवर गाढ विश्वास. त्याच्या तळघरात दह्याचे रिकामे डबे इतके, की झाल नदीला पूर आला तर बांध घालून वर चार उरतील. कंपनीतली उरलेली रजा पुढच्या वर्षीच्या मार्चअखेरपर्यंत चाले, फोनचा डेटा पुढच्या महिन्यात येई, मग शिकलेले तास काय नासतात?

म्हणून गेल्या वर्षीच्या शरदात त्यानंच टुमणं लावलं होतं. "विभा, आत्ताच दुप्पट तास करून टाक. पुढचा अख्खा उन्हाळा नाशिकला, अण्णांपाशी."

अण्णा, तिचे वडील, फोनवर म्हणत होते, "दिवाळीला दोन दिवस तोंड दाखवून जा गं." ती लाइपझिगच्या सेमिनारमधून कुजबुजायची, "अण्णा, उन्हाळ्यात भरपूर येते."

अण्णा फेब्रुवारीत गेले. त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. दत्ता समजूत घालायचा, "राहू दे. तुझे तास शिल्लक आहेत."

आता डिसेंबर सरत आला होता. दत्तानं शोधशोध करून ऑनलाइन सेमिनार मिळवले. सगळे नीट पार पडले तर पाटी वाचणार होती.

तिसऱ्या दिवशी प्राध्यापक नोटीसकालावर रंगात आले असताना पडद्यावर चौकोन उमटला. हजर असाल तर बटण दाबा. विभाची खुर्ची रिकामी. स्वयंपाकघरात नळ वाहत होता.

दत्ताचा हात माउसकडे गेला, आणि तिथंच थांबला. दुसऱ्याची हजेरी कशी लावायची?

"विभा, हजेरी विचारतायत गं."

ती ओले हात पदराला पुसावेत तसे स्वेटरला पुसत आली. बटण दाबलं. चौकोन गेला.

"अहो," ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "दोनच दिवस मागत होते."

रजेचं, मार्चचं, सगळ्याचं गणित दत्ताच्या जिभेवर आलं आणि कुठंच बसेना.

शेजारी तिचा चहा गार झाला होता. असला चहा दत्ता हटकून गरम करून स्वतः प्यायचा, एवढ्या वर्षांत थेंब फुकट गेला नव्हता.

त्यानं कप उचलला, मोरीत ओतला आणि नवं आधण ठेवलं.