चौथा कप

पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा तपासणीला काढून झाला, आणि सिस्टरने धाकटीला बजावलं: सहा तास उताणं पडायचं, उठायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. संध्याकाळपर्यंत सगळं ठीक राहिलं तर घरी. धाकटीच्या कानात शेवटचं तेवढं राहिलं. घरी तिचं अकरा महिन्यांचं गठुडं होतं. मांडीवर घेतलं की गोळा होऊन बसायचं, म्हणून गठुडं. पुढचे दोन आठवडे त्याला उचलायची बंदी होती. नाही तर नाही, तिने मनाशी म्हटलं, शेजारी पडून राहीन. वास तरी येईल.

पहिला तास दर पंधरा मिनिटांनी दंडाला पट्टा आवळला जायचा, नाडी बघितली जायची, पाठीखाली हात घालून पट्टी कोरडी आहे ना ते चाचपलं जायचं. लघवी झाली की त्यातली थोडी पारदर्शक कपात घेऊन, वर वेळ लिहून, कप खिडकीत ओळीने ठेवायचा. प्रत्येक कप आधीच्यापेक्षा फिकट हवा. लाली वाढली तर आत रक्त वाहत असेल. पहिला गुलाबी होता, दुसरा फिकट, तिसरा त्याहून फिकट. धाकटी मान वळवून त्या ओळीकडे टक लावून पडली होती.

चौथा कप आयाबाईंनी भरून ठेवला, कारण सिस्टरला पलीकडच्या खोलीतून हाक आली होती. धाकटीने तो उजेडात पाहिला आणि पटकन नजर काढून घेतली. त्याच वेळी बाहेर कुणाचं तरी मूल रडलं आणि तिचा गाऊन छातीवर ओला झाला. दुधाला कुणाचं मूल ते कळत नाही.

दुपारी सासूबाई आल्या, गठुडं थोरल्या सुनेकडे सोपवून. सासूबाईंच्या अंगात स्वच्छतेचं भूत. दुसऱ्याच्या घरी चहा प्यायल्या तरी कप विसळूनच उठायच्या. धाकटीचा दहा मिनिटं डोळा लागला. उघडून बघते तर खिडकी लख्ख पुसलेली आणि चारही कप धुऊन रुमालावर पालथे.

सिस्टर आली आणि दारातच थबकली. कुणी धुतले, असं तिने विचारलं. मीच, म्हणाल्या सासूबाई, खिडकीत कसली ही घाण मांडून ठेवायची? मग सिस्टरने कप कशासाठी होते ते समजावलं. सासूबाईंचा चेहरा पडला. सुनेने सकाळपासून तीनदा घरी फोन करून संध्याकाळी येतेच म्हणून सांगितलेलं त्यांना ठाऊक होतं.

"पण मी बघितला ना चौथा," त्या घाईने म्हणाल्या. "अगदी पाण्यासारखा होता. सोडा हो तिला."

सिस्टरने धाकटीकडे पाहिलं. रक्तदाब ठीक होता, पट्टी कोरडी होती. तिने नुसती मान हलवली असती तर काम झालं असतं. घर वीस मिनिटांवर होतं.

"लालसर होता," धाकटी म्हणाली. "तिसऱ्यापेक्षा जास्त."

डॉक्टरांना फोन झाला. रक्त तपासायला घेतलं. आजची रात्र इथेच, आणि कपांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सिस्टर गेल्यावर सासूबाई बराच वेळ पिशवीचे बंद सारखे करत बसल्या.

"मला खोटं पाडलंस."

"हो, आई."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि निघायला उठल्या. गठुड्याची झोपायची वेळ जवळ येत होती.

धाकटीने त्यांना सांगितलं की अंगावर प्यायल्याशिवाय ते झोपत नाही, पण शेजारी पडून कानाची पाळी अंगठ्याने हळूहळू चोळली तर कदाचित झोपेल. डाव्या कानाची. उजव्याला हात लावला तर चिडतं. तीन पोरं वाढवलेल्या बाईला असलं काही शिकवायची एरवी कुणाची टाप नव्हती. आज सासूबाईंनी मुकाट ऐकून घेतलं. दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"डावा म्हणजे माझ्याकडून, की त्याच्याकडून?"

"त्याचा डावा, आई."

त्यांनी आपल्याच कानाची पाळी चिमटीत धरून पाहिली, मान डोलावली आणि गेल्या. त्यांच्या चपला जिन्यापर्यंत ऐकू आल्या. धाकटीने डोळे मिटले आणि पुढची वीस मिनिटं ती पडल्या पडल्या त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेली.