सहा जणांचा शब्द

“सगळे देश एका टेबलाशी बसले आणि आपल्या कापडाचा वाटा कमी करून उठले. त्याला मी काय करू?” लेबर ऑफिसर म्हणाले. “परदेशी जाणाऱ्या गाठी निम्म्यावर आल्यात. पॅकिंगमध्ये सहा माणसं आहेत. तीन पुरेत.”

नामा दाराशी उभा होता. खोपोलीच्या त्या कापडगिरणीत वीस वर्षं तो गाठींवर काळ्या शाईनं देशांची नावं उमटवत आला होता. त्यातला एकही देश त्यानं पाहिला नव्हता.

“सायेब, कुनाला काडू नका,” तो म्हणाला. “आमी आठवडा वाटून घेतो. तिघं तीन दिस, तिघं तीन दिस. पगार बी अर्दाच द्या.”

साहेबांनी मान डोलावली. सहाही जणांनी एकमेकांना शब्द दिला. पुढचे चार महिने कुणाच्या घरी तांदूळ संपला, तर दुसऱ्याच्या घरून पायलीभर यायचा. चौक गावचा हारून सगळ्यांत धाकटा. तो तर स्वतः सायकलवर घालून आणून द्यायचा.

दिवाळीनंतर साहेबांनी नामाला एकट्याला बोलावलं.

“तिकडची बोलणी फिसकटली. जो तो देश आपापलं बघतोय. आता वाटून-बिटून नाही, तिघांनाच ठेवणार. तू जुना माणूस. वाटणी सोडल्याच्या ह्या कागदावर आज सही केलीस तर राहशील. उद्याचं सांगत नाही.”

घरी त्याची बायको गोदूबाई खोकून खोकून अर्धी झाली होती. तिचं दवाखान्याचं कार्ड नामाच्या नोकरीवर होतं. नामानं कागद पुढे ओढला. मग त्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हारून वाट बघत होता. मागे बाकीचे चौघं.

“नामादादा, सायबानं समद्यांना येगळं येगळं बोलवलं. पन आमी कुनी सही केली नाय. सहाजण एक राहिलो तर त्यांना बी इचार करावा लागंल. ह्या अर्जावर पयलं नाव तुमचंच लिवलंय. सही तेवडी करा.”

नामानं पेन घेतलं नाही.

“माजी सही झाली रं,” तो म्हणाला. “काल. आत.”

हारूननं अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

“वैनी बऱ्या हायत ना?” त्यानं विचारलं.

ते पाचही जण कामावरून गेले. साहेबांनी दुसऱ्या खात्यातली दोन माणसं आणून काम भागवलं. गोदूबाई होळीपर्यंतच राहिली. नामाची नोकरी मात्र पुढे अकरा वर्षं चालली.

निवृत्तीनंतर एकदा पनवेलला जाताना एसटी चौकजवळ बंद पडली. नामा खाली उतरला, तर समोरच्या गॅरेजात हारून. केस पिकलेले, हात कोपरापर्यंत काळे. त्यानं नामाला ओळखलं. बाकड्यावरचं ग्रीस स्वतःच्या सदऱ्यानं पुसलं.

“बसा, दादा. च्या सांगतो.”

चहा आला. नामानं तो उभ्यानंच प्यायला.